बाळगुटीचे वेढे आणि गणकयंत्रातली मुले

आमच्या आजीच्या सहाणेला मधोमध खळगा पडलेला होता. चंदनासाठी देवघरात दुसरी सहाण होती, ही बाळगुटीची. मायफळ, मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, ज्येष्ठमध, खारीक, बदाम असा सगळा जामानिमा एका लाकडी डब्यात असे, आणि घरात पाळणा हलू लागला की तो डबा माळ्यावरून खाली येई. आईच्या दुधाचे चार थेंब सहाणेवर टाकून आजी एकेक जिन्नस हातात घेई आणि वेढे मोजी. तोंडाने गप्पा चालूच असत, पण वेढा चुकल्याचे कोणी पाहिले नाही. पंधरा दिवसांच्या बाळाला एक वेढा, तीन महिन्यांच्याला दोन, दात शिवशिवू लागले की आणखी एखादा. माप वयाचे, आणि वयाखेरीज दुसरे कशाचेही नाही.

एकदा माझ्या मावसभावाच्या वेळी शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोर केवढं गुटगुटीत आहे! याला दुप्पट वेढे नकोत का?" आजीने हात न थांबवता उत्तर दिले, "बाळसं वरवरचं असतं. आतलं पोट त्याच्या वयाचंच आहे."

आजीच्या गुटीची तरफदारी करायला मी बसलेलो नाही. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज बाळाच्या तोंडात काही घालू नका, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते योग्यच सांगतात. परंतु आजीचे ते वाक्य मात्र गेल्या पावसाळ्यात एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात मला एकाएकी आठवले, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जाईना. हा लेख त्यातूनच आला.

त्याचे असे झाले. माझ्या दहा वर्षांच्या नातवाला अपेंडिक्सच्या दुखण्याने रात्री दाखल करावे लागले. नातू अंगाने भरलेला आहे. भरलेला म्हणजे, आडपडदा कशाला ठेवायचा, लठ्ठ आहे. उंची १४२ सेंटिमीटर आणि वजन ६२ किलो. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाई हातात कागद घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. मी जवळ जाऊन विचारले, तेव्हा त्या मोकळेपणाने म्हणाल्या, "आजोबा, या अँटिबायोटिकचा डोस किलोमागे अमुक मिलिग्रॅम असा असतो. आता याला ६२ ने गुणायचं की ३५ ने, एवढाच प्रश्न आहे. एवढ्या उंचीच्या मुलाचं वजन साधारण ३५ च्या आसपास असतं."

"पुस्तकात काय दिलंय?" मी विचारले.

"पुस्तकात बारीक मुलं आहेत," त्या म्हणाल्या.

शेवटी त्यांनी वरिष्ठांना फोन लावला, ४५ हा मधला आकडा धरला, आणि दुसऱ्या दिवशी रक्तातले औषधाचे प्रमाण तपासून पुढचा डोस ठरवला. नातू बरा झाला. परंतु माझ्यासारख्या रिकामटेकड्या म्हाताऱ्याला एक उद्योग मिळाला. चंद्रावर माणूस उतरून अर्धशतक लोटले, आणि लठ्ठ मुलाला औषध किती द्यावे हे पुस्तकात कसे नाही? त्याचा शोध घेता घेता मी बराच मागे गेलो.

मुलाच्या औषधाचे माप ही चिंता फार जुनी. काश्यपसंहिता हा तर आपल्याकडचा बालरोगांचाच ग्रंथ. त्यात नुकत्याच जन्मलेल्या बाळाला वावडिंगाच्या दाण्याएवढे औषध द्यावे आणि दर महिन्याला ते तेवढ्याच मापाने वाढवावे असे सांगितले आहे. (बाळाच्या पाण्यात वावडिंग उकळणाऱ्या आपल्या बायकांना हे माप कळायला वेळ लागणार नाही.) शार्ङ्गधराने पुढे पक्का तक्ताच बांधला. पहिल्या महिन्यात एक गुंज, पुढे वर्षापर्यंत महिन्याला एकेक गुंज वाढ, त्यानंतर सोळा वर्षांपर्यंत वर्षाला एकेक मासा, मग सत्तर वर्षांपर्यंत मात्रा स्थिर. आणि सत्तरीनंतर? सत्तरीनंतर पुन्हा लहान मुलासारखी हळूहळू कमी करत न्यायची. मी स्वतः त्या उतरणीवर असल्यामुळे ही ओळ मला विशेष रुचली.

तिकडे युरोपातही वयाचेच माप चालत होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये टॉमस यंग नावाचे एक डॉक्टर होते. प्रकाश हा लहरींचा बनलेला आहे हे प्रयोगाने दाखवणारे ते हेच, आणि इजिप्तच्या चित्रलिपीची कुलुपे किलकिली करणाऱ्यांत ज्यांचे नाव घेतात तेही हेच. एवढ्या मोठ्या माणसाने मुलांच्या औषधासाठी केलेला नियम मात्र तिसरीतल्या मुलालाही यावा इतका सोपा आहे. मुलाच्या वयाला वय अधिक बारा यांनी भागायचे. जो अपूर्णांक येईल तेवढा मोठ्या माणसाच्या डोसाचा भाग मुलाला द्यायचा. दहा वर्षांच्या मुलाला दहा छेद बावीस, म्हणजे निम्म्याहून थोडे कमी.

पुढे क्लार्क यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आला. त्यात वय नाही, वजन. मुलाचे वजन पौंडांत घ्यायचे आणि १५० ने भागायचे, कारण १५० पौंड म्हणजे एक मोठा माणूस. दोन्ही नियम कित्येक पिढ्यांच्या कंपाउंडरांनी पाठ केले. आणि मौज अशी की रोडक्या किंवा मध्यम बांध्याच्या मुलाच्या बाबतीत दोन्ही नियमांची उत्तरे एकमेकांच्या जवळपासच येत. ३५ किलोच्या दहा वर्षांच्या मुलाला यंगच्या हिशेबाने मोठ्या माणसाच्या ४५ टक्के औषध मिळते आणि क्लार्कच्या हिशेबाने ५१ टक्के. फरक किरकोळ. तेव्हा वाद घालण्याचे कारणच पडले नाही.

आता माझ्या नातवाला त्या दोघांच्या दारात नेऊन उभे करा. यंगच्या दारात ४५ टक्के. क्लार्कच्या दारात ९१ टक्के! म्हणजे एकाच्या मते तो मूल आहे आणि दुसऱ्याच्या मते जवळजवळ बाप्या. डॉक्टरीणबाई त्या रात्री व्हरांड्यात ज्या पेचात उभ्या होत्या तो हाच, दोनशे वर्षांचा.

वय आणि वजन यांखेरीज तिसरे एक माप होते, आणि त्याची कथा रंजक आहे. शरीर उष्णता सोडते ती त्वचेवाटे. तेव्हा शरीराचा व्यवहार वजनापेक्षा त्वचेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात चालत असावा, असा एक विचार जुनाच होता. पण माणसाच्या कातडीचे क्षेत्रफळ मोजायचे कसे? न्यूयॉर्कमधील डेलाफील्ड ड्यूबॉइस आणि यूजिन ड्यूबॉइस या दोघांनी माणसांना अंगाबरोबर बसणारे कपडे घातले, वरून कागदाच्या पट्ट्या चिकटवून अंगाचा साचा घेतला, तो साचा कापून सपाट केला आणि त्याचे क्षेत्रफळ काढले. त्यावरून त्यांनी १९१६ साली एक सूत्र दिले. उंची आणि वजन सांगा, त्वचेचे क्षेत्रफळ घ्या. हे सूत्र किती माणसांवरून काढले? नऊ. केवळ नऊ माणसांच्या कागदी झग्यांवर पुढची शंभर वर्षे जगभरची गणिते चालली. १९५८ साली डोनाल्ड पिंकेल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने कर्करोगाची औषधे या क्षेत्रफळाच्या हिशेबाने द्यावीत असे मांडले, आणि आजही ती बरीचशी तशीच दिली जातात. दरम्यान १९३२ साली मॅक्स क्लायबर यांनी उंदरापासून बैलापर्यंतच्या प्राण्यांची शरीरे किती ऊर्जा जाळतात याचे आकडे मांडून दाखवले, की जनावर दुप्पट वजनाचे झाले तरी त्याची भूक दुप्पट होत नाही. ती वजनाच्या पाऊणाव्या घाताप्रमाणे वाढते. हा पाऊण घात औषधाच्या शास्त्रातही शिरला आणि आजतागायत तिथे ठाण मांडून आहे.

परंतु क्षेत्रफळ घ्या की पाऊण घात, दोन्हींच्या पोटात शेवटी वजनच बसलेले आहे. माझ्या नातवाला ही दोन्ही मापे नव्वद टक्क्यांच्याच घरात नेऊन सोडतात.

मापाची ही चूक केवढी महाग पडू शकते हे जगाला १९५९ साली लॉस एंजेलिसमध्ये कळले. क्लोरॅम्फेनिकॉल हे त्या काळचे जालीम अँटिबायोटिक. विषमज्वरावर आपल्याकडेही त्याने कित्येकांचे प्राण वाचवले आहेत. तिथल्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ते खबरदारीने दिले जाई, आणि डोस वजनाच्या हिशेबाने काढलेला असे. बाळे मात्र राखाडी पडून, पोट फुगून दगावू लागली. डॉक्टरांनी मांडणी करून पाहिले, तेव्हा हे औषध मिळालेल्या दहातली सुमारे सहा बाळे गेली होती आणि कोणतेच अँटिबायोटिक न मिळालेल्या दहातली सुमारे दोन. औषध वाईट नव्हते. वजनाचा गुणाकारही चुकला नव्हता. त्या चिमुकल्या यकृतात या औषधाचा निचरा करणारी यंत्रणाच अजून उभी राहिली नव्हती. बाळ म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे, हे वाक्य आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला ऐकवतात. पण ते शिकायला ही किंमत मोजावी लागली.

आणि त्यातून निघालेला धडा विचित्र निघाला. मुलांना धोका असतो, तेव्हा नवी औषधे मुलांवर तपासूच नका, असे वळण पडले. मोठ्यांवर चाचण्या करायच्या, बाटलीवर 'मुलांसाठी शिफारस नाही' अशी चिठ्ठी चिकटवायची आणि मोकळे व्हायचे. मूल आजारी पडायचे ते पडतेच. मग डॉक्टर आपल्या अंदाजाने डोस काढून ते औषध देणार. म्हणजे चाचणी झालीच, फक्त तिची नोंद कुठे झाली नाही आणि तिच्यातून कोणी काही शिकले नाही. हॅरी शर्की या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली अशा मुलांना 'औषधशास्त्रातली अनाथ मुले' असे नाव दिले. अमेरिकेत २००२ आणि २००३ साली आणि युरोपात २००७ साली कायदे झाले, तेव्हा कुठे औषधे मुलांवरही रीतसर तपासण्याला जोर आला. या अनाथांतही लठ्ठ मूल अधिकच अनाथ. चाचणी घेणारे शक्यतो सुटसुटीत, मध्यम बांध्याची मुले घेणार. पुस्तकात बारीक मुले आली ती अशी.

आता मूळ विषयाकडे वळतो. इथवर मापे निरनिराळी झाली, पण प्रत्येक मापाचा हट्ट एकच होता: मुलाचे सारे शरीर एका आकड्यात बसवायचे. वय म्हणा, वजन म्हणा, क्षेत्रफळ म्हणा. हा हट्ट सोडून देणारा पहिला माणूस स्वीडनच्या उप्साला येथील टोर्स्टेन टेओरेल. १९३७ साली त्याने दोन निबंध लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की औषध शरीरात गेल्यावर एका जागी बसत नाही; ते रक्तातून अवयवांत जाते, तिथून परत येते, कुठे नष्ट होते, कुठे मूत्रावाटे बाहेर पडते. तेव्हा प्रत्येक टप्प्याचे समीकरण मांडा आणि सारी समीकरणे एकदम सोडवा.

वाचकहो, याला वाड्यातल्या हौदांची उपमा पुरेशी आहे. समजा एका वाड्यात पाचसहा हौद आहेत आणि ते एकमेकांना नळांनी जोडलेले आहेत. यकृताचा हौद, मूत्रपिंडाचा हौद, स्नायूंचा, मेंदूचा, आणि चरबीचा. मधून रक्ताचा मोठा नळ जातो. दोन हौदांना तळाशी मोरी आहे, त्यांतून पाणी कायमचे बाहेर जाते. ती यकृत आणि मूत्रपिंडे. आता नळात एक लोटा रंग ओता. कोणत्या हौदात रंग किती चढेल, किती वेळाने उतरेल? हौदांचे आकार, नळांची तोंडे आणि मोऱ्यांचा वेग ठाऊक असेल तर हे गणिताने सांगता येते. टेओरेलला तत्त्व सापडले, परंतु एवढी समीकरणे हाताने सोडवता सोडवता माणसाचा जन्म जायचा. त्याचे निबंध कित्येक वर्षे तसेच पडून राहिले. १९५३ साली लाइपझिगमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात या शास्त्राला 'फार्माकोकायनेटिक्स' हे नाव मिळाले. औषधांची गती आणि स्थिती सांगणारे शास्त्र. ते पुस्तक लिहिणारे हार्टमूट दोस्त हे बालरोगतज्ज्ञ होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. मापाची सर्वांत अधिक चणचण ज्याला भासते तोच माप शोधायला निघतो.

मग गणकयंत्रे आली. (आता सर्रास संगणक म्हणतात, मला मात्र जुना शब्द आवडतो, कारण ते यंत्र इथे खरोखर गणितच करते.) अमेरिकेत केनेथ बिशॉफ आणि रॉबर्ट डेड्रिक हे दोन रसायन-अभियंते होते. कारखान्यातल्या टाक्या आणि नळ यांचे गणित करणे हा त्यांचा धंदाच. १९६८ साली त्यांनी थायोपेंटॉल या भुलीच्या औषधाचे असे गणित मांडले. हे औषध शिरेतून दिले की माणूस काही क्षणांत झोपतो आणि काही मिनिटांत जागा होतो. जागा होतो तो औषध नष्ट झाले म्हणून नव्हे. मेंदूच्या हौदातला रंग स्नायूंच्या आणि मागाहून चरबीच्या हौदात निघून जातो, म्हणून. चरबीचा हौद अवाढव्य, पण त्याला जाणारा रक्ताचा नळ बारीक. तो सावकाश भरतो आणि त्याहून सावकाश रिकामा होतो. लठ्ठ माणसाला भूल देणाऱ्याने हे ध्यानी ठेवायचे असते.

दुसरी अडचण सॅन फ्रान्सिस्कोमधील लुईस शायनर आणि स्टुअर्ट बील या जोडीने सोडवली. औषध रक्तात कसे चढते-उतरते हे समजायला पूर्वी एकाच माणसाचे दहाबारा वेळा रक्त काढावे लागे. मुलाच्या बाबतीत ते कोण करणार? कोणती आई करू देणार? शायनर आणि बील यांनी १९७० च्या दशकात अशी पद्धत बसवली, की प्रत्येक रोग्याचे एकदोनच नमुने असले तरी चालतील, तेही ठरलेल्या वेळी नसले तरी चालतील. शंभर रोग्यांचे तुटपुंजे आकडे एकत्र करून गणकयंत्र सर्वांचा मिळून नियम काढील, आणि माणसामाणसांत फरक किती पडतो तेही सांगील. 'नॉनमेम' नावाचा त्यांचा प्रोग्रॅम १९८० साली बाहेर पडला. आपल्या भिशीसारखेच म्हणा ना: प्रत्येकाने थोडे घालायचे, आणि गाठीशी मोठी रक्कम जमते. २०१० साली अमेरिकेत सरकारी पैशाने मुलांच्या औषधांसाठी संशोधकांचे एक जाळे उभे राहिले. त्याचा कारभार ड्यूक विद्यापीठाकडे आहे. त्यांच्या एका मोठ्या पाहणीत कोणत्याही मुलाला प्रयोगासाठी औषध दिले गेले नाही. ज्या मुलांना त्यांचे डॉक्टर ते औषध एरवीही देतच होते, त्यांचेच थोडे थोडे रक्त तपासले. नोंद न होणारी चाचणी अशी एकदाची नोंदली जाऊ लागली, आणि त्यात लठ्ठ मुलेही आली.

ती येणे भागच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे १९९० साली पाच ते एकोणीस वर्षांची ३ कोटी १० लाख मुले लठ्ठ या सदरात मोडत होती. २०२२ साली १६ कोटी. आपल्या सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. टक्के अजून लहान आहेत, पण वाढती बाजू दिसते आहे. आणि ज्या घरात दिवाळीच्या फराळाचे डबे सर्वांत वरच्या फळीवर ठेवावे लागतात, त्या घरात आकड्यांची गरजही नाही.

लठ्ठ मुलाच्या शरीरात नेमके काय बदलते? चरबीचा हौद वाढतो हे उघड आहे. परंतु वाढलेले वजन म्हणजे सगळी चरबी नव्हे. ती वाहून नेण्यासाठी स्नायू आणि हाडेही काही प्रमाणात वाढतात, रक्त वाढते, हृदय मिनिटाला अधिक रक्त ढकलते. मूत्रपिंडे पुष्कळदा अधिक जोराने गाळू लागतात. यकृतात चरबी साचली तर औषधे मोडणारी त्यातली काही रसायने मंदावतात. म्हणजे एक मोरी मोठी होते आणि दुसरी तुंबते. आता औषधाचा स्वभाव पाहा. जेंटामायसिनसारखे औषध पाण्यात रमणारे. स्नायूंत तीन चतुर्थांश पाणी, चरबीत ते अगदी थोडे. तेव्हा चरबीच्या हौदात हे औषध फारसे शिरतच नाही. त्याचा डोस पूर्ण वजनाला गुणला तर रक्तात ते जादा चढेल, आणि जादा चढले तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करील. म्हणून मोठ्या लठ्ठ माणसांत जादा वजनाचा चार दशांश भागच हिशेबात धरण्याचा प्रघात आहे. ३५ आणि वरच्या २७ चे चार दशांश, म्हणजे जवळजवळ ११. एकूण ४६. डॉक्टरीणबाईंच्या वरिष्ठांनी फोनवर सांगितलेला ४५ हा आकडा कुठून आला ते मला असे पुष्कळ दिवसांनी उमगले.

मग आजीचेच खरे म्हणायचे का? बाळसे वरवरचे, आतले पोट वयाचेच? मलाही क्षणभर तसा मोह झाला. पण क्लिंडामायसिन या दुसऱ्या एका अँटिबायोटिकची गोष्ट वाचली आणि मोह ओसरला. लठ्ठ आणि मध्यम बांध्याच्या मुलांचे आकडे एकत्र घालून २०१७ साली जे गणित प्रसिद्ध झाले त्यात असे दिसले, की या औषधाचा डोस मुलाच्या पूर्ण वजनावरच काढावा. लठ्ठपणासाठी निराळी वजावट करण्याचे कारण नाही. इथे ६२ नेच गुणायचे. वजावट केली असती तर औषध कमी पडले असते, आणि कमी पडलेले अँटिबायोटिक म्हणजे अर्धवट विझवलेला निखारा. तेव्हा एका औषधात आजी बरोबर, दुसऱ्यात शेजारच्या काकू बरोबर. औषध पाहिल्याशिवाय निवाडा नाही.

याच कामातला पुढचा टप्पा म्हणजे गणकयंत्रातली मुले. उत्तर कॅरोलायनातील संशोधकांनी २०२२ साली लठ्ठ मुलांचा असा एक सबंध समाजच गणितात उभा केला. या मुलांना हाडामांसाचे शरीर नाही. पण प्रत्येकाला वय आहे, उंची आहे, वजन आहे. त्या मानाने यकृत केवढे, मूत्रपिंडे किती गाळतात, हृदय किती रक्त ढकलते, चरबी किती आणि स्नायू किती, हे सारे आहे. सगळी एका साच्याची नाहीत, खऱ्या शाळेतल्या वर्गासारखी थोडी थोडी वेगळी आहेत. या मुलांना आधी माहीत असलेले औषध द्यायचे. क्लिंडामायसिन हे त्यांतलेच एक. गणिताने निघालेले रक्तातले प्रमाण खऱ्या मुलांच्या रक्तातल्या आकड्यांशी ताडून पाहायचे. जुळले, तर मग ज्या औषधाचे आकडे नाहीत त्याचा प्रश्न त्यांना विचारायचा: एवढा डोस दिला तर? दुप्पट दिला तर? यातले एखादे मूल गणितात दगावले, तरी कोणाच्या घरी पाळणा रिकामा होत नाही. १९५९ ची ती राखाडी बाळे डोळ्यांपुढे आणली की या गोष्टीचे मोल कळते.

तरीही माझ्या मनात एक खुटखुट आहे, आणि ती पुण्याहून आलेली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली नवजात बाळे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. तिकडच्या बाळांचे सरासरी वजन साडेतीन किलो, आपल्यांचे दोन किलो सातशे ग्रॅम. आपली बाळे सर्व बाजूंनी लहान. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण चरबी? ती मात्र तेवढी कमी नव्हती. २००३ साली त्यांनी या बाळाला 'रोड-लठ्ठ बाळ' म्हटले. पुढच्याच वर्षी याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी यडकिन यांनी स्वतःलाच यंत्राखाली घातले. वजन आणि उंची यांच्या प्रमाणाचा आकडा, ज्यावरून हल्ली जो तो लठ्ठपणा ठरवतो, तो दोघांचा अगदी सारखा निघाला: २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! बाहेरून दोघेही सडपातळच. त्या दोघांचे चित्र एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आपली चरबी अशी जगासमोर मांडायला मोठे मन लागते.

तेव्हा अमेरिकन मुलांच्या आकड्यांवर घडवलेली गणकयंत्रातली मुले आमच्या मुलांच्या वतीने साक्ष द्यायला उभी राहिली, तर ती साक्ष कितपत धरायची? ६२ किलोचा मराठी मुलगा आणि ६२ किलोचा अमेरिकन मुलगा यांच्या आतले हौद सारख्याच मापाचे असतील असे याज्ञिकांचे आकडे वाचल्यावर मला तरी वाटत नाही. गणकयंत्राला दोष देऊन उपयोग नाही; त्याला जी शरीरे दिली तीच ते जाणते. ड्यूबॉइस यांच्या नऊ कागदी झग्यांपासून हीच गोष्ट चालत आली आहे. आमच्या मुलांची मापे आम्हीच घेऊन त्या यंत्रात घातली पाहिजेत. खेड्यापाड्यांतून हिंडून बाळांची दंडाची घेरी मोजणाऱ्या त्या पुण्याच्या मंडळींनी ते कसे करतात हे दाखवून ठेवले आहे.

मी हे सारे नातवाला सांगितले. म्हणजे त्याच्या वयाला झेपेल तेवढे. चकलीचा डबा माझ्या मागे होता, म्हणून त्याने ते शांतपणे ऐकूनही घेतले.

"आजोबा, त्या कॉम्प्युटरमधल्या मुलांना नावं असतात का?"

"नाही रे. नुसते नंबर."

"आणि सुई टोचली तर?"

"तर काही नाही. त्यांना दुखत नाही."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने आपला मनगटाजवळचा भाग पाहिला, जिथे सलाईनची सुई चार दिवस होती. "मला विचारलं असतं तर मी माझे नंबर दिले असते," तो म्हणाला, "पण सुई एकदाच."

परवा टाके तपासायला गेलो, तेव्हा त्याच डॉक्टरीणबाई होत्या. पूर्वी त्यांच्या कागदावर वजनाचाच रकाना होता. आता त्यांनी त्याशेजारी पेनाने एक रेघ मारून उंचीचा रकाना केला आहे, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला भिंतीला टेकून उभे करतात. नातवाने विचारले, "किती भरली?" तर म्हणाल्या, "एकशे त्रेचाळीस. एक सेंटिमीटरने वाढलास."

वजन त्याने विचारले नाही, आणि त्यांनीही मोठ्याने सांगितले नाही.